फ्रेंचमध्ये वय सांगताना: विशेषणं आणि त्यांची पुल्लिंगी-स्त्रीलिंगी रूपं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अकरावीला फ्रेंच घेतलेली मुलं, देल्फच्या (फ्रेंचच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या) तयारीला लागलेले नोकरदार, लेकीकडे पॅरिसला किंवा माँट्रियलला निघालेले आईबाबा: वयाच्या शब्दांवर सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच येतात. ते इथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

उच्चारांबद्दल आधीच सांगून ठेवते. देवनागरीत फ्रेंच उच्चार जवळपास उतरतात, तंतोतंत नाही. या पानावरचा 'झ' हा 'झाड'मधला नाही. 'श' म्हणता म्हणता घशातून आवाज सोडला की येतो तो. नुक्ता दिलेला 'ज़' म्हणजे झेडचा उच्चार. स्पेलिंग महत्त्वाचं असेल तिथे अक्षरं सुटी करून दिली आहेत.

१. 'मी वीस वर्षांची आहे' असं फ्रेंचमध्ये म्हणताना स्त्रीलिंग कुठे दाखवायचं?

कुठेच नाही. 'झे व्हँताँ' हे वाक्य मुलाच्या तोंडीही तेच आणि मुलीच्या तोंडीही तेच. मराठीत 'वर्षांचा' किंवा 'वर्षांची' म्हटल्याशिवाय सुटका नाही, म्हणून आपल्याला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. फ्रेंचमध्ये वय 'असतं', म्हणजे क्रियापद 'आव्हवार' (जवळ असणे) वापरतात आणि पुढे नुसता आकडा व 'आँ' (वर्ष) येतो. विशेषण नाही, त्यामुळे लिंगाचा प्रश्नच नाही.

इंग्रजीच्या सवयीने 'एल ए व्हँताँ' म्हणणारे पुष्कळ भेटतात. ते चूक, 'एल आ व्हँताँ' हवं. 'वर्षं' हा शब्दही गाळायचा नाही. इंग्रजीत नुसता आकडा चालतो, फ्रेंचमध्ये 'आँ' लागतोच.

लिंग येतं ते 'आझे द' (अमुक वयाचा, अमुक वयाची) ही रचना वापरली तर. त्यासाठी प्रश्न ८ पाहा.

२. मुलगी एकवीस वर्षांची असेल तर 'एकवीस'मधला 'एक' स्त्रीलिंगी होतो का? आणि 'अडीच वर्षांची'मधला अर्धा?

दोन्ही पुल्लिंगीच राहतात. हे शब्द मुलीशी जुळत नाहीत, 'आँ' या नामाशी जुळतात, आणि 'आँ' पुल्लिंगी आहे. म्हणून मुलगीसुद्धा 'व्हँते-अँ-नाँ' असंच म्हणते. अडीच वर्षांच्या मुलीचं वय 'द ज़ाँ ए दमी'. इथे 'दमी'च्या शेवटी जादा ई लावायची नाही.

लिंग बदलतं ते 'आने' हा वर्षाचा दुसरा शब्द आला की, कारण तो स्त्रीलिंगी आहे: 'व्हँते-यून आने'. पण कुणाचं वय सांगताना 'आने' वापरत नाहीत. 'वीसेक वर्षं', 'काही वर्षं' अशा मोघम मोजणीला तो येतो.

आकड्यांच्या उच्चारातली एक गंमत: नऊ म्हणजे 'नफ', पण 'नऊ वर्षं' म्हणताना शेवटच्या 'फ'चा 'व्ह' होतो, 'नव्हाँ'. असाच बदल 'नऊ वाजता' म्हणताना होतो. बाकी बहुतेक ठिकाणी 'फ' शाबूत राहतो.

३. 'केल आझ आव्हे-व्हू?' (तुमचं वय काय?) यातलं 'केल' बाईला विचारताना डबल एल आणि ई लावून लिहायचं का?

नाही. 'केल' जुळतं ते 'आझ'शी, म्हणजे 'वय' या नामाशी. ते पुल्लिंगी आहे, समोर बाई असो की बुवा. चूक होते याचं कारण 'आझ'च्या शेवटी ई आहे, आणि 'शेवटी ई म्हणजे स्त्रीलिंग' हा ठोकताळा पहिल्या महिन्यातच डोक्यात बसलेला असतो. कानालाही मदत होत नाही, कारण दोन्ही 'केल' एकसारखेच ऐकू येतात. 'वार्धक्य' या अर्थी म्हणतात ते 'त्र्वाज़्येम आझ' (तिसरं वय) आणि मध्ययुगाचं नाव 'म्वायेनाझ' यांतही 'आझ' पुल्लिंगीच आहे. मध्ययुगाच्या नावात कानाला 'म्वायेन' असं स्त्रीलिंगी ऐकू येतं, ते का, याचा खुलासा प्रश्न १० मध्ये आहे.

४. 'तरुण'ला स्त्रीलिंगी रूप कोणतं?

वेगळं रूप नाही. 'झ्यन' (जे-ई-यू-एन-ई) दोन्ही लिंगांना तसाच राहतो, अनेकवचनात फक्त न उच्चारला जाणारा एस लागतो. आपला 'तरुण' शब्दही असाच आहे: तरुण मुलगा, तरुण मुलगी. ज्या विशेषणाच्या शेवटी मुळातच ई आहे (टिंब-रेघ नसलेली, मुकी ई), त्याला स्त्रीलिंगासाठी आणखी ई लागत नाही.

लिहिताना जपायचं एकच: यू वर टोपी घातली तर अर्थ बदलतो. टोपीवाला शब्द म्हणजे उपास. 'मी तरुण आहे'ऐवजी एकादशी जाहीर व्हायची.

'झ्यन फीय' (तरुण मुलगी) आणि 'झ्यन फाम' (तरुण स्त्री) यांतला फरक नुसता वयाचा नाही. 'झ्यन फीय'ला अविवाहितपणाचा वास आहे. माहेरच्या आडनावाला तर पूर्वी सरकारी कागदांवरही 'झ्यन फीय'चं नाव म्हणत. २१ फेब्रुवारी २०१२ च्या पंतप्रधानांच्या परिपत्रकाने फ्रान्सच्या सरकारी फॉर्मांतून 'मादम्वाज़ेल' (कुमारी) आणि हे माहेरच्या नावाचं सदर, दोन्ही काढायला सांगितलं. त्यामुळे पंचविशीतल्या बाईबद्दल बोलताना 'झ्यन फाम' म्हणावं. 'झ्यन फीय' शाळा-कॉलेजच्या वयासाठी ठेवा.

५. 'म्हातारा' या एका शब्दाची इतकी रूपं का? नेमकी कोणती कधी वापरायची?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा निवांत घेऊ. लिहिताना रूपं चार:

'व्ह्यू' (व्ही-आय-ई-यू-एक्स): पुल्लिंगी, एकवचन आणि अनेकवचन दोन्ही.
'व्ह्येय' (व्ही-आय-ई-आय-एल): पुल्लिंगी एकवचन, पण पुढे स्वराने सुरू होणारं नाम असेल तरच.
'व्ह्येय' (व्ही-आय-ई-आय-एल-एल-ई): स्त्रीलिंगी एकवचन.
'व्ह्येय' (तेच, शेवटी एस): स्त्रीलिंगी अनेकवचन.

म्हणजे कागदावर चार, कानाला मात्र दोनच. 'म्हातारा माणूस' हा 'अँ व्ह्येय ऑम' होतो आणि 'म्हातारी बाई' ही 'यून व्ह्येय फाम'. विशेषणाचा उच्चार दोन्हीकडे तोच. ऐकणाऱ्याला लिंग कळतं ते आधीच्या 'अँ' किंवा 'यून'वरून. 'माझा जुना मित्र' हा 'मों व्ह्येय आमी' आणि 'माझी जुनी मैत्रीण' ही 'मा व्ह्येय आमी'. इथे तर 'आमी'सुद्धा दोन्हीकडे सारखाच ऐकू येतो, सगळा भार 'मों' आणि 'मा' या एका अक्षरावर. म्हणून वर्गात मी विशेषण सुटं पाठ करू देत नाही, आर्टिकल आणि नामासकटच म्हणून घेते.

मधलं रूप कुठून आलं? 'व्ह्यू'च्या शेवटी स्वर आणि 'ऑम'च्या सुरुवातीला स्वर, अशी दोन स्वरांची टक्कर फ्रेंच कानाला नको असते. त्यामुळे जुनं व्यंजनान्त रूप तेवढ्या जागी टिकून राहिलं. अशी वागणूक असलेली विशेषणं पाचच आहेत: सुंदर, नवा, म्हातारा, वेडा आणि मऊ. 'नवा'साठी 'नुव्हो', स्वरापुढे 'नुव्हेल', स्त्रीलिंगी पुन्हा 'नुव्हेल' (पण डबल एल आणि ई). नवं वर्ष म्हणजे 'नुव्हेलाँ' हे याचंच उदाहरण.

६. 'व्ह्येय' फक्त पुढच्या नामाच्या पहिल्या अक्षरावर ठरतं, तर एचने सुरू होणाऱ्या शब्दांचं काय?

एच दोन जातींचे आहेत, आणि दोन्ही उच्चारले जात नाहीत, हीच पंचाईत. 'ऑम' (माणूस), 'ओतेल', 'ऑपिताल' यांचा एच मुका. तो नसल्यासारखाच, म्हणून 'व्ह्येय ऑपिताल'. दुसऱ्या जातीचा एच ऐकू येत नाही पण भिंतीसारखा उभा राहतो: 'इबू' (घुबड) आणि 'एरो' (नायक) हे त्यातले. तिथे 'अँ व्ह्यू इबू', 'अँ व्ह्यू एरो'. त्याला लिएज़ोंही (आधीच्या शब्दाचं शेवटचं मुकं व्यंजन पुढच्या स्वराला जोडून उच्चारणं) लागत नाही. 'नायक' अनेकवचनी म्हणताना लिएज़ों केली तर 'ले ज़ेरो' म्हणजे 'शून्यं' असं ऐकू येईल. नायिकेचा एच मात्र मुक्या जातीचा! सुदैवाने स्त्रीलिंगात 'व्ह्येय' कुठेही बदलत नाही, त्यामुळे तिच्यापुरता घोळ टळतो.

कुठला एच कुठल्या जातीचा हे ओळखायची खात्रीची युक्ती नाही. शब्दकोशात दुसऱ्या जातीच्या शब्दाला खूण केलेली असते, ती बघून पाठ करायचं.

वायने सुरू होणारे 'याउर्त' (दही), 'यॉट' हे शब्दही व्यंजनासारखे वागतात, तिथे 'व्ह्यू'च.

आणखी एक अट लक्षात ठेवा. 'व्ह्येय' होण्यासाठी विशेषण नामाच्या आधी हवं. नामानंतर किंवा 'आहे'नंतर आलं, तर पुढे स्वर असला तरी 'व्ह्यू'च राहतं: 'इल ए व्ह्यू ए मालाद', तो म्हातारा आणि आजारी आहे.

७. मग 'म्हातारे मित्र' अनेकवचनात 'व्ह्येय' का नाही?

कारण तिथे टक्कर उरतच नाही. अनेकवचनी 'व्ह्यू'च्या शेवटचा एक्स पुढच्या स्वरापाशी जागा होतो आणि 'ज़' म्हणून ऐकू येतो: 'द व्ह्यू ज़ामी'. व्यंजन मिळालं, काम झालं. एकवचनातही शेवटी एक्सच आहे, मग तो तिथे का नाही धावून येत, असा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. तिथली जागा 'व्ह्येय'ने आधीच अडवून ठेवली आहे, एवढंच उत्तर.

८. 'आझे'ला ई कधी लावायची? आणि आजोबांबद्दल बोलताना पुस्तकात 'आझे' स्त्रीलिंगी छापलंय, ती चूक आहे का?

'आझे' (वयस्कर) चार प्रकारे लिहितात: साधं, ई लावून, एस लावून, ई-एस लावून. उच्चार चारींचा एकच. म्हणजे ही चूक बोलताना कधीच पकडली जात नाही आणि लेखी परीक्षेत हमखास पकडली जाते. 'साठ वर्षांची बाई'मध्ये 'द'च्या आधी 'आझे'ला ई हवी, 'साठ वर्षांचा माणूस'मध्ये नको.

पुस्तकातली चूक नाही. तिथे बहुधा 'पेर्सॉन आझे' असेल. 'पेर्सॉन' (व्यक्ती) हा शब्द फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी आहे, मग ती व्यक्ती तुमचे आजोबा असोत. विशेषण माणसाकडे बघत नाही, नामाकडे बघतं. आपणही 'बाबा ही मोठी प्रेमळ व्यक्ती' म्हणतोच, 'हा व्यक्ती' कानाला खुपतं. उलट बाजूने 'बेबे' पुल्लिंगी, म्हणून मुलगी झाली तरी 'अँ बेबे' आणि त्याची विशेषणं पुल्लिंगी. 'आँफाँ' (मूल) मात्र दोन्ही चालतो: मुलगा असेल तर 'अँ नाँफाँ', मुलगी असेल तर 'यून आँफाँ'. आपल्यासारखं 'ते मूल' म्हणायची सोय नाही, फ्रेंचमध्ये नपुंसकलिंग नाही.

९. माणसाला 'व्ह्यू' म्हटलं तर राग येतो का?

तोंडावर म्हटलं तर येणारच. मराठीत 'अहो म्हातारे' म्हटल्यावर जे होईल तेच. पाहुण्या आजीबाईंबद्दल बोलताना 'आझे' वापरा, सरकारी किंवा अदबशीर बोलण्यात 'पेर्सॉन आझे'. क्युबेकमध्ये ज्येष्ठांना 'एने' म्हणतात (या शब्दाचं घरातलं काम प्रश्न १३ मध्ये). तुलना करतानाही 'प्ल्यू ज़ाझे क' (पेक्षा वयाने मोठा) हे 'प्ल्यू व्ह्यू क'पेक्षा सौम्य आहे.

आडून सांगायचं तर 'एल ने प्ल्यू तूत झ्यन', म्हणजे ती आता काही अगदी तरुण राहिलेली नाही. पुरुषाबद्दल 'तू झ्यन', बाईबद्दल 'तूत झ्यन'. 'झ्यन' बदलत नाही पण त्याच्या आधीचा 'अगदी' बदलतो.

दोस्तीत मात्र 'मों व्ह्यू' म्हणजे 'अरे गड्या'. तिथे वयाचा संबंध नाही, विशीतली पोरंही एकमेकांना म्हणतात. आणि 'मे व्ह्यू' म्हणजे बोलीत 'आमचे म्हातारे', अर्थात आईबाप.

१०. 'आँस्यँ' आणि 'व्ह्यू' दोन्ही 'जुना' ना? शिवाय 'आँस्यँ' पुरुषासाठी असून मला 'आँस्येन' का ऐकू येतं?

पहिला भाग आधी. 'आँस्यँ' नामाच्या आधी आला की अर्थ 'माजी': 'मों नाँस्यँ प्रोफेसर' म्हणजे मला पूर्वी शिकवलेले सर, ते तिशीतले असतील. नामानंतर आला की 'पुरातन': 'अँ मब्ल आँस्यँ' म्हणजे जुन्या काळचं फर्निचर. 'व्ह्यू'चंही तसंच काहीसं. 'मों व्ह्येय आमी' हा मैत्री जुनी असलेला मित्र, तो पंचवीस वर्षांचाही असू शकेल. मित्र वयाने म्हातारा असेल तर नामानंतर 'आझे' घाला. 'जुना मित्र' आणि 'म्हातारा मित्र' असे दोन शब्द आपल्याकडे आहेत, म्हणून आपल्याला हा फरक लगेच उमगतो.

आता कानाचं. पुल्लिंगी 'आँस्यँ' नाकात संपतो, स्त्रीलिंगी 'आँस्येन'मध्ये 'न' स्पष्ट येतो. पण पुल्लिंगी रूपापुढे स्वर आला की लिएज़ोंमुळे 'न' जागा होतो आणि नाकातला स्वर साधा होतो. 'माजी विद्यार्थी' हा 'आँस्येनेलेव्ह' असा ऐकू येतो, थेट स्त्रीलिंगासारखा. मध्ययुगाच्या 'म्वायेनाझ'मध्ये घडतं तेही हेच.

आणि इथे फ्रेंचने आणखी एक गाठ मारून ठेवली आहे. स्वरापुढे 'माझी'साठी 'मा' न वापरता 'मों' वापरतात. त्यामुळे 'माझा माजी विद्यार्थी' आणि 'माझी माजी विद्यार्थिनी' ही दोन्ही बोलताना हुबेहूब एक होतात. मूळचे फ्रेंच लोकही पुढचं वाक्य ऐकल्याशिवाय सांगू शकत नाहीत. तेव्हा ऐकण्याच्या परीक्षेत इथे अडलात तर घाबरू नका, पुढे 'इल' येतो की 'एल' याची वाट बघा.

११. वस्तू नवी असेल तर 'नुव्हो' की 'नफ'?

न वापरलेली, कोरी करकरीत असेल तर 'नफ', स्त्रीलिंगी 'नव्ह'. आधीच्या जागी आलेली, माझ्यासाठी नवी असेल तर 'नुव्हो' किंवा 'नुव्हेल', आणि तो नामाच्या आधी. सेकंडहँड गाडी घेतलीत तर ती तुमची 'नुव्हेल व्ह्वात्यूर' झाली, 'व्ह्वात्यूर नव्ह' नव्हे. 'नफ'चा 'नऊ' या आकड्याशी उच्चार आणि स्पेलिंग एकच आहे, गोंधळ संदर्भाने सुटतो.

पॅरिसचा 'पों नफ' म्हणजे नवा पूल. १५७८ मध्ये काम सुरू झालं, चौथ्या हेन्रीच्या काळात १६०७ मध्ये पुरं झालं, आणि आज सीन नदीवरच्या पॅरिसमधल्या उभ्या पुलांत तोच सगळ्यात जुना. नाव मात्र कोरंच राहिलं.

'नुव्हो' नामानंतर आला तर 'नुकताच अवतरलेला'. दर नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येणारी 'बोझोले नुव्हो' ही त्याच वर्षीच्या द्राक्षांची वाइन. मराठीत वाइन 'ती', फ्रेंचमध्ये 'व्हँ' पुल्लिंगी, म्हणून 'नुव्हो'.

१२. चीजच्या दुकानात 'झ्यन' आणि 'व्ह्येय' लिहिलेलं बघितलं. चीजला वय?

असतं, आणि लिंगही नीट पाळतात. 'मिमोलेत' हे लील भागातलं नारिंगी, गोल चीज. ते स्त्रीलिंगी, म्हणून त्याच्या पाट्या अशा: साधारण तीन महिन्यांचं 'झ्यन', सहा महिन्यांचं 'दमी-व्ह्येय', वर्षभराचं 'व्ह्येय', दीड वर्षाचं 'एक्स्त्रा-व्ह्येय'. शेजारच्या फळीवरचं ओव्हेर्न्यचं 'काँताल' पुल्लिंगी. त्याचं क्रमाने 'झ्यन', 'आँत्र-द' (दोहोंच्या मधलं) आणि 'व्ह्यू'. पाटीवर 'व्ह्येय' दिसलं की चीज स्त्रीलिंगी, 'व्ह्यू' दिसलं की पुल्लिंगी. 'दमी' (अर्धा) जोडरेघेने आधी जोडला की बदलत नाही, म्हणून 'दमी-व्ह्येय'मध्ये अर्ध्याला ई नाही.

१३. थोरला, धाकटा, शेंडेफळ यांना काय म्हणतात?

थोरल्याला 'एने' (स्त्रीलिंगी ई लावून, उच्चार तोच), धाकट्याला 'कादे' आणि धाकटीला 'कादेत'. शेंडेफळ मुलगा असेल तर 'बँझामँ', मुलगी असेल तर 'बँझामीन'. 'कादे' थोडा सैल शब्द आहे. कधी दुसऱ्या नंबरच्याला, कधी सगळ्यात लहानालाही लावतात. शेंडेफळच सांगायचं असेल तर 'बँझामँ' म्हणावं. रोजच्या बोलण्यात 'ग्राँ फ्रेर' (मोठा भाऊ), 'ग्राँद सर' (मोठी बहीण), 'पती फ्रेर', 'पतीत सर' हे जास्त ऐकू येतात. आपल्यासारखी दादा-ताई हाक मारायची पद्धत मात्र नाही, हाक नावानेच.

फरकही याच शब्दांनी सांगता येतो: 'एल ए मा कादेत द त्र्वा ज़ाँ', ती माझ्याहून तीन वर्षांनी लहान. थोरली असेल तर 'मों नेने'. पुढे स्वर, म्हणून स्त्रीलिंग असूनही 'मों' (प्रश्न १० मधलीच गाठ).

फ्रान्समधल्या खेळांच्या क्लबात 'बँझामँ', 'मिनीम', 'कादे', 'झ्युन्योर' ही वयोगटांची नावं असतात. शेजाऱ्याचा मुलगा 'कादे' गटात खेळतो म्हणजे त्याला थोरला भाऊ असेलच असं नाही.

१४. 'ग्राँद सर' बरोबर, मग आजीला 'ग्राँद-मेर' का नाही?

जुन्या फ्रेंचमध्ये 'ग्राँ' दोन्ही लिंगांना एकच होता, कारण ज्या लॅटिन शब्दावरून तो आला तोही दोन्हीकडे एकच होता. नंतर स्त्रीलिंगाला ई लागली, पण घट्ट रुळलेले शब्द तसेच राहिले: 'ग्राँमेर' (आजी), 'ग्राँताँत' (आजीची किंवा आजोबांची बहीण). ई गळाली असावी अशा समजुतीने शतकानुशतकं तिथे अपोस्ट्रॉफी घालत. फ्रेंच अकादमीच्या शब्दकोशाच्या १९३२ ते १९३५ मध्ये निघालेल्या आवृत्तीत तिच्या जागी जोडरेघ आली. जुन्या पुस्तकात अपोस्ट्रॉफी दिसली तर ती छपाईची चूक समजू नका.

१५. सज्ञान, अल्पवयीन, साठीतला, शतायुषी: यांची स्त्रीलिंगी रूपं?

'माझर' (सज्ञान) आणि 'मिनर' (अल्पवयीन) यांना नुसती ई. उच्चार बदलत नाही. 'अर'ने संपणाऱ्या कित्येक शब्दांचं स्त्रीलिंग 'अज़' होतं, ती सवय इथे आणू नका. फ्रान्समध्ये सज्ञान होण्याचं वय ५ जुलै १९७४ च्या कायद्याने २१ वरून १८ वर आलं.

'त्राँतनेर' (तिशीतला), 'सेक्साझेनेर' (साठीतला), 'ऑक्तोझेनेर' (ऐंशीतला), 'साँतनेर' (शंभरी गाठलेला) हे सगळे ईने संपतात, म्हणून स्त्री-पुरुषांना एकच. सर्वांत वयोवृद्ध व्यक्ती पुरुष असेल तर 'द्वायँ', स्त्री असेल तर 'द्वायेन'. आर्ल शहरातल्या झान काल्माँ १८७५ मध्ये जन्मल्या आणि १९९७ मध्ये, १२२ व्या वर्षी वारल्या. त्यांना वृत्तपत्रं मानवजातीच्या 'द्वायेन' म्हणत.

१६. नवजात मुलगी: 'नुव्हेल-ने' की 'नुव्हो-ने'?

'नुव्हो-ने', फक्त 'ने'ला ई. इथे 'नुव्हो'चा अर्थ 'नुकतंच' असा आहे, ते क्रियाविशेषण, म्हणून हलत नाही. अनेकवचनातही एस 'ने'लाच. पण 'नवविवाहित' म्हणताना 'नुव्हो'ला अनेकवचन लागतं आणि 'नवागत बाई' म्हणताना स्त्रीलिंग. यामागे सुसंगत तर्क शोधत बसू नका, तीन शब्द पाठ करून टाका.

१७. 'मा ताँत ए व्ह्यू झ' असं वाचलं. मावशीला 'व्ह्यू' कसं?

'व्ह्यू झ' हा वाक्प्रचार: जुन्या वळणाची. अख्खा तुकडाच विशेषणाचं काम करतो, म्हणून आतलं काही बदलत नाही. मावशी असो, काका असो, दहा मावश्या असोत. 'एल साबीय झ्यन' (ती तरुण पोरींसारखे कपडे करते) यातला 'झ्यन' क्रियाविशेषणासारखा वापरला आहे; बहुवचनी कर्ता आला तरी त्याला एस लागत नाही.

१८. आईबाबा दोघांबद्दल बोलताना? आणि 'व्हू' म्हणून एकाच बाईंशी बोलताना?

मिश्र गटाला पुल्लिंगी अनेकवचन: 'व्ह्यू', 'आझे' (एससह). आदरार्थी 'व्हू'बरोबर क्रियापद अनेकवचनी, पण विशेषण समोरच्या माणसानुसार. एकच बाई असतील तर स्त्रीलिंगी एकवचन, 'एत-व्हू माझर?' यात ई हवी, एस नको. मराठीत 'तुम्ही मोठ्या आहात' असं विशेषणालाही अनेकवचनी करायची सवय असते, म्हणून तो एस आपसूक लागतो.

१९. 'झाँ' (लोक) पुल्लिंगी की स्त्रीलिंगी? 'व्ह्येय झाँ' आणि 'झाँ ज़ाझे' दोन्ही बरोबर कसे?

दोन्ही बरोबर आहेत आणि हा फ्रेंच व्याकरणातला खरोखरीचा विक्षिप्तपणा आहे. 'झाँ'च्या लगेच आधी येणारं विशेषण स्त्रीलिंगी, नंतर येणारं पुल्लिंगी. एकाच वाक्यात दोन्ही येऊ शकतात: 'ले व्ह्येय झाँ सों कोंताँ', म्हातारी माणसं खूश आहेत. सुरुवातीला स्त्रीलिंग, शेवटी 'कोंताँ' पुल्लिंग. मुळात 'झाँ' हे एका स्त्रीलिंगी शब्दाचं अनेकवचन. अर्थ 'माणसं' असा झाल्यावर पुल्लिंग शिरलं, पण आधीच्या जागेवरचं स्त्रीलिंग गेलं नाही.

'सगळी म्हातारी माणसं' म्हणताना 'सगळी'सुद्धा स्त्रीलिंगी होते: 'तूत ले व्ह्येय झाँ'. पण 'सगळी तरुण मंडळी' म्हणाल तर 'तू ले झ्यन झाँ', पुल्लिंगी. 'झ्यन'ला स्वतःचं स्त्रीलिंगी रूप नाही, मग तो मागच्या शब्दाला स्त्रीलिंगी करू शकत नाही. 'झ्यन झाँ' हे 'तरुण पुरुष'चं रूढ अनेकवचनही आहे, आणि मुलंमुली मिळूनही तेच म्हणतात.

परीक्षेत निबंध लिहिताना हे सगळं आठवेल याचा भरवसा नसेल, तर सरळ 'ले पेर्सॉन आझे' लिहा, ई-एस लावून.